एकाच कॉम्प्युटरचं लायसन

“चोराला चोर म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं, अप्पा?”

गुरुलिंग हत्तुरेचा आवाज मठाच्या ओसरीत घुमला. बिलं करायच्या त्याच्या सॉफ्टवेअरवर निम्म्या जिल्ह्यातली दुकानं चालत होती. शाळकरी वयापासून तो अप्पांच्या पायाशी बसत आला होता. आज मात्र बसला नाही. उभाच राहिला.

मठाचे स्वामी अप्पा सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

समोर निलव्वा उभी होती. कडक भाकऱ्या करून गावोगावच्या दुकानांना पुरवायची. बिलांसाठी तिनं गुरुलिंगच्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी वापरली होती. परवा त्याच्या माणसांनी ती बंद पाडली, तशी निलव्वा तडक मठात आली. अप्पांनी गुरुलिंगला बोलावून घेतलं होतं.

“केली चोरी,” निलव्वा म्हणाली. मान खाली नव्हती. “आधी आलते की तुमच्या हापिसात, विकत मागायला. पाच कॉम्प्युटरच्या खाली लायसन मिळत नाही म्हणाले. माझ्याकडं एकच हाय. बाकीचे चार कुठनं आणू?”

“एकेकट्याला विकणं परवडत नाही. एवढ्याशा गिऱ्हाइकाचा फोन कोण उचलणार? दुरुस्तीला कोण जाणार?”

“मग मी बी काय करणार?”

गुरुलिंगनं अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “अप्पांच्या शब्दाखातर हिला फुकट देतो. कायमचं.”

“नको.”

“काय?”

“फुकट नको. विकत द्या.”

गुरुलिंगची कानशिलं तापली. त्यानं दिलेलं असं तोंडावर कुणी परत केलं नव्हतं.

“बघा हिची मिजास, अप्पा!”

“आधी जेवून घे,” अप्पा म्हणाले.

दुपारची पंगत बसत होती. रोज यायची तीच माणसं, वाटसरू, दोन-चार म्हाताऱ्या. गुरुलिंगही मांडी घालून बसला. अप्पांनी स्वतः वाढलं.

पहिल्याच घासाला तो थबकला. आमटीत मीठच नव्हतं. त्यानं डावीउजवीकडे पाहिलं. सगळे मुकाट्यानं भुरकत होते. त्यानंही मुकाट्यानं ताट स्वच्छ केलं, हात धुतला आणि ओसरीवर आला.

“आमटी कशी होती?” अप्पांनी विचारलं.

“छान होती.”

“मीठ?”

“नव्हतं, अप्पा.”

“बोलला नाहीस.”

“प्रसादाला नावं कशी ठेवायची?”

अप्पांनी निलव्वाकडे पाहिलं.

“माझ्या भाकरीत मीठ कमी पडलं,” ती म्हणाली, “तर दुकानदार अख्खा गठ्ठा आणून माझ्या दारात आपटतो. पैसे मोजलेत त्यानं. तुमचं सॉफ्टवेअर अडलं तर मला बी तुमच्या टेबलावर हात आपटायचाय. फुकटात घेतल्यावर कुठल्या तोंडानं आपटू?”

आमटीची अळणी चव अजून जिभेवर होती. गप्प बसून खाल्लेला तो एकेक घास त्याला आता टोचू लागला.

त्यानं खिशातून फोन काढला.

“उद्यापासून एका कॉम्प्युटरचं लायसन विकायचं,” त्यानं ऑफिसात सांगितलं. “महिन्याच्या हप्त्यानं... नाही, मठाच्या शब्दाखातर नाही. जो मागेल त्याला... होऊ दे तोटा.”

निलव्वानं उपकार मानले नाहीत. पदर खोचला.

“हप्ता किती ते कळवा. जास्त वाटला तर येते मी,” असं म्हणून पायऱ्या उतरून गेली.

गुरुलिंग तिच्या पाठीकडे बघत राहिला.

“ऐकलंत ना? अजून घेतलं नाही, तोवर ही भाषा. आता ही उठसूट भांडायला येणार, अप्पा. हिच्यासारखे आणखी शेकडो येतील.”

अप्पांनी सुपातली फोलपटं हळूच फुंकली.

“येऊ देत,” ते म्हणाले. “इतकी वर्षं पंगतीत फुकट वाढतोय मी... माझ्याशी भांडायला अजून कुणी आलं नाही.”