घोंगडीवरून उतरलेला बंडखोर

फार पूर्वी, सारा मुलूख जहागीरदाराला भीत असे आणि जहागीरदार मात्र एकाच माणसाला भीत असे, तेव्हाची ही गोष्ट. तो माणूस म्हणजे डोंगरातला एक बंडखोर. जहागीरदाराची कोठारं फोडायची आणि धान्य गोरगरिबांना वाटायचं, हा त्याचा उद्योग. लोकांनी त्याच्या नावाने नवस बोलायचे तेवढे बाकी राहिले होते. पुढे पुढे तर गावाचे भांडणतंटेही त्याच्याकडेच जाऊ लागले. खिंडीतल्या वडाखाली घोंगडी अंथरली जाई आणि तिच्यावर बसून तो निवाडा करी.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी एक कुंभारीण राहत होती. एकटी बाई आणि तिचं एक गाढव. गाढव तळ्यावरून माती आणी, बाई मडकी घडवी, दोघांचं पोट चाले. एके दिवशी बंडखोराचा मेहुणा आला आणि दाव्याला बांधलेलं गाढव सोडून घेऊन चालू लागला. "बंडाच्या कामाला नेतोय," म्हणाला. बंडाचं काम कसलं आलंय! त्याला स्वतःच्या घरासाठी दगड वाहायचे होते.

कुंभारणीचं चाक थांबलं. मातीच नाही, तर मडकी कशाची करणार?

शेजारी म्हणाले, "गप बस बाई. त्याच्या जिवावर चार घास खातोय आपण."

"जहागीरदारानं नेलं असतं तर बोंब ठोकली असती की तुमी," असं म्हणून तिने पदर खोचला आणि ती डोंगर चढायला लागली.

खिंडीत धान्यासाठी गर्दी लोटली होती. तिने सगळ्यांदेखत फिर्याद सांगितली. मेहुणा फिदीफिदी हसला. बंडखोर ओशाळला, पण मेहुणा पडला बायकोचा भाऊ, आणि संध्याकाळी घरी तोंड दाखवायचं होतं.

तो म्हणाला, "आक्का, जाऊ द्या आता. एक पोतं जोंधळे जास्त न्या."

"जोंधळे माती वाहत न्हाईत, दादा. मला न्याय पायजे. आन् आधी घोंगडीवरनं उतरा. ज्याच्या घरच्यावर फिर्याद, त्यानं घोंगडीवर बसू नये, ह्यो वाडवडलांचा रिवाज हाय. कुंपणानंच शेत खाल्लं, तर कुंपणालाच निवाडा विचारायचा व्हय?"

बंडखोराचा हात तलवारीकडे गेला. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. पण त्याने तलवार सोडून बाजूला ठेवली, डोक्याचं पागोटं उतरवलं आणि तो खाली मातीत जाऊन बसला.

घोंगडी रिकामी पडली. बसायला कोणी पुढे येईना.

"बसा की कुणीतरी!" बंडखोर ओरडला. "जहागीरदाराला भीत होता, आता मला भिताय? मग म्या बंड केलं कशाला?"

तेव्हा एक म्हातारा धनगर काठी टेकत पुढे आला आणि घोंगडीवर बसला. निवाडा काही लांबला नाही. गाढव आजच्या आज परत द्यायचं, आणि जितके दिवस बाईचं चाक बंद राहिलं, तितके दिवस मेहुण्याने स्वतःच्या डोक्यावरून तिची माती वाहायची. बंडखोराने मान डोलावली.

जहागीरदाराच्या कानावर मात्र अर्धीच बातमी गेली. बंडखोराच्या माणसाने एका गरीब बाईला लुबाडलं, एवढीच. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने लागलीच हवालदाराला कुंभारणीकडे पिटाळलं.

हवालदार गोड बोलू लागला, "बाई, त्याच्या माणसानं तुझं गाढव पळवलं म्हणे. तो रात्री कुठं लपतो, ती जागा दाखव. गाढव काय, घोडा देतो."

मेहुणा तिथेच उभा होता, डोक्यावर मातीची पाटी, अंगभर चिखल. त्याने पाटी डोळ्यांवर ओढून घेतली.

"आमचं आमच्यात मिटलं," कुंभारीण म्हणाली.

"आणि हा कोण?"

"ह्यो? माती वाहनारा. जरा अंगचोर हाय, पन सुधारतोय."

हवालदार हात हलवत परत गेला. मेहुण्याने त्या दिवशी न सांगता एक खेप जास्त केली.

तात्पर्य एवढंच: जो आपल्या घरच्या माणसाचाही न्याय होऊ देतो, त्यालाच लोक आपला मानतात आणि वेळ आली की पाठीशी घालतात.