सिदाप्पाची फुकट विलायत

एका रात्रंदिवस खटाखट वाजणाऱ्या गावात एक भोळा जॉबर होता. गाव म्हणजे इचलकरंजी, आणि जॉबर म्हणजे बंद पडलेला माग सुरू करणारा मिस्त्री. नाव सिदाप्पा. मागाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मागापासून चार पावलं लांब गेला की मात्र त्याची अक्कल कारखान्यातच राहायची. एकदा मालक म्हणाला, "सिदाप्पा, दाराकडं लक्ष ठेव, मी आलोच." मालक परस्पर कोल्हापूरला गेला. सिदाप्पा डोळ्यांची पापणी न हलवता दाराकडं बघत बसला. चोर खिडकीतून आले आणि खिडकीतून गेले. खिडकीचं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

अशा माणसाची मुलगी हुशार निघते, हा देवाचा न्याय. सुकन्या विलायतेला गेली. तिथल्या एका जुन्या गिरण्यांच्या शहरात जुनं कापड कसं जपायचं ते शिकली आणि तिथल्याच गिरणीच्या संग्रहालयात सहा महिन्यांसाठी तात्पुरती नोकरीला लागली. शहराचं नाव सिदाप्पाला शेवटपर्यंत घेता आलं नाही, म्हणून आपणही घ्यायला नको. एवढं सांगतो, की आपली इचलकरंजी ज्यांच्यासारखी व्हायला बघत होती त्यांतलंच ते एक. तिथल्या गिरण्या बंद पडून पन्नास वर्षं झाली होती. आता त्या तिकीट लावून दाखवायच्या, नाहीतर फुकट.

सहा महिने संपत आले. येत्या शुक्रवारी संग्रहालयाच्या प्रमुख प्रेस्कॉटबाई सुकन्याला कायम करायचं की नाही ते ठरवणार होत्या. कायम झाली तर तिथं राहायचं. नाही झाली तर व्हिसा संपला, बाडबिस्तरा गुंडाळा. सुकन्याला दुसरं काही सुचत नव्हतं. नेमका त्याच आठवड्यात सिदाप्पा लेकीकडं पाहुणा आला.

जावई श्रीधर पक्का चिक्कू होता. चहाची पिशवी तीनदा बुडवायचा आणि चौथ्यांदा नुसती दाखवायचा. त्यानं सासऱ्यासाठी एक यादी करून फ्रिजवर चिकटवली. मथळा होता, 'स्वस्तात पाहण्याची ठिकाणे'. त्यातलं सगळ्यात महाग ठिकाण फुकट होतं.

"मामा, रोज एक बघायचं. नकाशा काढून देतो, चालत जायचं."

"आनि कोन काय बोललं तर, जावईबापू?"

"दोन शब्द पाठ करा. हवं असलं की येस. नको असलं की नो थँक्यू."

सिदाप्पानं पाठ केले. दोनच होते, तरी दुपार गेली.

सोमवारी तो चित्रांच्या दालनात गेला. चित्रं बघून झाली. दाराशी एक म्हातारी बाई सगळ्यांना फुकट चहा-बिस्कीट देत होती. तिनं हसून किटली वर केली. "टी?"

आता आपल्याकडं पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? माणसानं नको म्हणायचं, समोरच्यानं "घ्या की" म्हणायचं, आपण "आत्ताच झालाय" म्हणायचं, त्यानं "अर्धा घ्या" म्हणायचं आणि मग दोन कप प्यायचे. सिदाप्पा रीतीनं म्हणाला, "नो थँक्यू." म्हातारीनं मान हलवली आणि किटली खाली ठेवली.

सिदाप्पा "घ्या की"ची वाट बघत उभा राहिला. म्हातारीनं चाळीस जणांना चहा पाजला. बिस्किटं संपली. किटली धुतली. दिवे मालवले. सिदाप्पा उपाशीपोटी घरी आला.

"आगं, काय मान्सं हैत! एकदा नको म्हन्लं तर खरंच दिलं न्हाई!"

"अप्पा, इथं आग्रह नसतो," सुकन्या म्हणाली. "एकदाच विचारतात. नको म्हटलं की विषय संपला. पहिल्या झटक्यात येस म्हणायचं."

"आसं व्हय. आता ध्यानात ऱ्हाईल."

मंगळवारी यादीत कालव्याकाठची वाट होती. या कालव्यातून पूर्वी कापसाच्या होड्या यायच्या. आता बदकं येतात. काठावर लाल जाकिटं घातलेली दहाबारा माणसं उभी होती. त्यातल्या एकानं सिदाप्पाला काहीतरी विचारलं. सिदाप्पा पहिल्या झटक्यात म्हणाला, "येस!"

ती कालवा साफ करणारी मंडळी होती. त्यांनी त्याला छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, हातात लोखंडी आकडा दिला आणि पाण्यात उतरवलं. सिदाप्पानं दिवसभर चिखल उपसला. दोन सायकली, एक पाळणा आणि दुकानातली सामानाची गंजकी ढकलगाडी एवढं बाहेर काढलं. गाडीकडं बोट दाखवून एकानं गमतीनं विचारलं, घरी नेतोस का?

"येस!"

संध्याकाळी सगळ्या गल्लीनं पाहिलं. चिखलानं माखलेला सिदाप्पा कुईकुई वाजणारी गाडी ढकलत चालला होता आणि मागनं दोन बदकं. सुकन्यानं कपाळाला हात लावला. दुकानातून अशी गाडी घेताना तिच्या कडीत नाणं अडकवावं लागतं, ते अजून आहे का ते श्रीधरनं बघितलं. नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"अप्पा, सगळ्यालाच येस म्हणायचं नसतं!" सुकन्या म्हणाली. "आधी बाकीची माणसं काय करतात ते बघायचं. ती करतील तसं करायचं. गपचूप रांगेत उभं राहायचं."

"आसं सांग की मग सुरुवातीलाच."

बुधवारी मोठं चर्च. बघायला फुकट. सिदाप्पा आत गेला तर माणसांची रांग. तो गपचूप रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसानं टोपी काढली, यानं काढली. पुढचा काळ्या कपड्यातल्या एका बाईचा हात हातात घेऊन पुटपुटला. यानंही तिचा हात हातात घेतला आणि पुटपुटला, "येस, येस." मग सगळे बाकांवर बसले, हाही बसला. सगळे रडवेले झाले. हाही रडवेला झाला. फरक इतकाच, की बाकीच्यांनी रुमालाचं टोक डोळ्याला लावलं आणि सिदाप्पाला एकदा सुरू झाल्यावर आवरता येत नव्हतं. खांबांना हादरा बसेल असा गळा काढला त्यानं. सगळं चर्च मागं वळून बघायला लागलं. काळ्या कपड्यातली बाई येऊन त्याच्या गळ्यात पडली. एवढ्या माणसांत तिच्या मेलेल्या नवऱ्यासाठी मोकळेपणानं रडला तो एकच.

मग तो गाडीत बसून दफनभूमीत गेला. मूठभर माती टाकली. मयताच्या घरी जाऊन काकडीचे सँडविच खाल्ले. निघताना बाईनं नवऱ्याचा लोकरी ओव्हरकोट त्याच्या अंगावर घातला. कोट चांगला गुडघ्याखाली आला.

"जेवण आणि कोट!" श्रीधर हरखला. "यादीत हे चर्च वर घ्यायला पाहिजे."

"तू गप बस," सुकन्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "अप्पा, मेलेल्या माणसाचा कोट? ओळख ना देख! उद्या कुणी माझ्या ऑफिसात सांगितलं तर? परवा माझा निकाल आहे. हे बघा, अनोळखी माणसानं काहीही दिलं तरी घ्यायचं नाही. दोन्ही हातांनी परत द्यायचं, नो थँक्यू म्हणायचं आणि सरळ घरी यायचं. म्हणा बघू."

"घ्यायचं न्हाई. दोन्ही हातानं परत. नो थँक्यू. सरळ घरी."

पोरीला बरं वाटलं. इथंच ती चुकली. सिदाप्पाला धडा पाठ झाला की तो धडा मागं घेण्याची सोय नसते.

गुरुवारी लांबचं वाफेच्या इंजिनांचं घर बघायचं होतं, म्हणून श्रीधरनं काळजावर दगड ठेवून बसचं भाडं दिलं. ड्रायव्हरनं पैसे घेऊन तिकीट दिलं. सिदाप्पानं ते दोन्ही हातांनी परत केलं. "नो थँक्यू." ड्रायव्हरनं पुन्हा दिलं. यानं पुन्हा परत केलं. शेवटी ड्रायव्हरनं तिकीट नको म्हणजे जायचं नसेल असं समजून पैसे परत दिले. तेही त्यानं दोन्ही हातांनी परत केले आणि सरळ घरी आला. सुकन्या दुसऱ्या दिवशी संग्रहालयात करायचं भाषण पाठ करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आज काही घोळ?"

"कायबी न्हाई. दिल्यालं परत केलं, सरळ घरी आलो."

"शाबास, अप्पा," ती म्हणाली.

शाबासकी मिळाल्यावर तर धडा दगडावरची रेघ झाला.

शुक्रवार उजाडला. यादीत शेवटचं ठिकाण गिरणीचं संग्रहालय. अकरा वाजता तिथला शंभर वर्षांचा माग दहा मिनिटं चालवून दाखवायचे. बघायला आलेल्यांना कानात घालायला बोळे द्यायचे, आवाज सोसत नाही म्हणून. सिदाप्पानं अर्थातच बोळे परत केले. म्हणाला, "आमच्याकडं ह्योच आवाज जलमभर फुकट मिळतोय." आता त्याच्या उजव्या कानाला कमीच ऐकू यायचं, पण तो विषय कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता.

त्या दिवशी संग्रहालयाचे बडे लोक जमले होते. सुकन्या निळी साडी नेसून मागाच्या पलीकडं उभी होती. हातात भाषणाचा कागद होता. ती बापाला आधीच म्हणाली होती, "लांब उभे राहा आणि कशाला हात लावू नका." पाटीवरही तेच होतं. हाताच्या पंजाचं चित्र आणि त्यावर तांबडी फुली.

सुकन्याचं भाषण छान झालं. म्हाताऱ्या स्वयंसेवकानं माग सुरू केला. खटाक. खटाक. आणि बंद.

पुन्हा कळ ओढली. खटाक. बंद. म्हातारा घामाघूम झाला. बडे लोक घड्याळं बघायला लागले. सुकन्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बंद पडलेला माग बघणं म्हणजे सिदाप्पाला रडतं पोर बघण्यासारखं. त्याला कळलं होतं, खालचा दांडा सरकलाय. यावर औषध एकच. पण हात लावायचा नव्हता. त्यानं पाटीकडं नीट बघितलं. हातावर फुली होती. पायाचं चित्र कुठंच नव्हतं.

सिदाप्पानं दोन्ही हात पाठीमागं बांधले, दोरी ओलांडली आणि शंभर वर्षांच्या त्या ठेव्याला सणसणीत लाथ घातली.

आणि मागानं धडधडत सूर धरला. खटाखट, खटाखट, खटाखट! असा तो गिरणी बंद झाल्यापासून चालला नव्हता. टाळ्या कडाडल्या. म्हाताऱ्या स्वयंसेवकानं सिदाप्पाला मिठी मारली. प्रेस्कॉटबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुकन्याचा बाप जॉबर आहे, हे त्यांना तिनं मघाशीच सांगितलं होतं.

बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात सुकन्याच्या कायम नोकरीचं पत्र होतं. बाईंच्या मनात आलं, हे पत्र लेकीला बापाच्याच हातून मिळू दे. किती सुंदर क्षण होईल! फोटोवाला पुढं सरसावला. बाईंनी पाकीट सिदाप्पाच्या हातात ठेवलं आणि लेकीकडं बोट करून हळुवारपणे काही विचारलं.

सिदाप्पानं पाकिटाकडं बघितलं. बाई अनोळखी. दिलंय तर खरं. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी परत केलं, वाकून नमस्कार केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "नो थँक्यू!"

मागाच्या पलीकडून सुकन्या जिवाच्या आकांतानं ओरडली, "अप्पा, घ्या! अप्पा, ते घ्या!" पण बापानं माग असा काही सुरू केला होता, की लेकीचा आवाज त्याच्या चांगल्या कानापर्यंतही पोचला नाही.

प्रेस्कॉटबाई सुसंस्कृत होत्या. परक्या लोकांच्या चालीरीतींचा मान कसा राखावा यावर त्यांनी दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. भारतीय घरात वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा, असं त्यांनी तिथं वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी मान राखला. पाकीट पर्समध्ये गेलं. आग्रह त्यांनी केला नाही. तिथं करत नाहीत.

ठरल्याप्रमाणे सिदाप्पा सरळ घरी गेला. सुकन्यानं तासभर बाईंची विनवणी केली, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. बाई तिचा हात थोपटत म्हणाल्या, "तुझी घालमेल मला समजते. पण तुमच्या संस्कृतीत मी ढवळाढवळ करणार नाही." सोमवारी ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. त्या मुलीच्या वडिलांना कुणी काही विचारलं नाही.

महिन्याभरात तिघंही इचलकरंजीला परतले. फुकट म्हणून आखलेली ती सहल श्रीधरला केवढ्याला पडली, याचा हिशेब तो अजून कुणाला सांगत नाही.

सिदाप्पाकडं मात्र गावाची रीघ लागली. शेजारचा वसगडे मास्तर म्हणाला, "काय सिदाप्पा, बघितली का विलायत?"

"बघितली की. सगळी फुकटात बघितली," सिदाप्पा ओव्हरकोट सारखा करत म्हणाला. "पर लई फसवी मान्सं हो, मास्तर! कोन चिठ्ठी देतंय, कोन पाकीट. एक बाई तर फोटोवाला घिऊन आल्ती मला फसवायला. पर मी कसला घेतोय! दोन्ही हातानं परत दिलं. लेकीनं सांगितल्यालं एक अक्षर मी मोडलं न्हाई."

आतून सुकन्या चहा घेऊन आली. तिनं कप बापापुढं धरला.

सिदाप्पा रीतीनं म्हणाला, "नको, आत्ताच झालाय."

सुकन्यानं कप उचलला आणि आत नेला. सिदाप्पा अजून दाराकडं बघत बसलाय.