राखणीचे दोरे

“सांगा ना बाई, कुठे चुकलं माझं?”

सगुणाबाई भिंगारदिवे यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नगरमधील कितीतरी स्त्रियांच्या हाती त्यांनी पहिल्यांदा विणकामाच्या सुया दिल्या होत्या. त्यांतील सर्वांत नेटकी शिष्या, वसुधाबाई टिपणीस, आज समोर बसून पदराचे टोक चुरगाळत होती.

सगुणाबाईंच्या मांडीवर एक उन्हाळी टॉप होता. पांढऱ्या सुताचा, बिनबाह्यांचा, हाताने विणलेला.

वसुधाबाईंनी तो आपल्या मुलीसाठी, ऋजुतासाठी, विणला होता. ऋजुताला गडचिरोलीकडील एका शाळेत नोकरी लागली होती. संध्याकाळी तिची गाडी होती. घराबाहेर एकटी राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. तिकडच्या उन्हाविषयी वसुधाबाईंनी केवळ ऐकले होते; तेवढ्याने त्यांची झोप उडाली होती.

“माप बरोबर आहे, बाई. टाके मी पुन्हा पुन्हा मोजले. वीण कुठे घट्ट दिसते का, तुम्हीच बघा. पण हिच्या अंगात जात नाही.”

“डोकं गेलं होतं, आजी,” खिडकीशी उभी असलेली ऋजुता म्हणाली. “पुढे खांद्यांशी अडकला. मग ना वर, ना खाली. शेवटी बाबांनी ओढून सोडवलं मला.”

“थट्टा सुचते आहे हिला! गाडीची वेळ होत आली, आणि...”

सगुणाबाईंनी टॉप दोन्ही हातांनी धरून ताणला.

विणलेले वस्त्र ओढले की पसरते. हे तसूभरही हलले नाही.

त्यांनी तो उलटा केला, चष्मा सारखा केला आणि विणीतून गेलेल्या एका बारीक दोऱ्यावर बोट ठेवले.

“हा कोणता?”

“राखणीचा. तुम्हीच शिकवलात ना? टाका सुटलाच तर तिथवरच उसवावं, खाली सगळं जाऊ नये, म्हणून.”

“आणि हा वरचा?”

“तो... पहिला तुटला तर.”

“आणि याच्या वरचा?”

राखणीचे दोरे गळ्यापर्यंत गेले होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला पक्की गाठ होती.

“शाळेत माझ्या एका वेणीला दोन रिबिनी असायच्या, आजी,” ऋजुता म्हणाली. “एक सुटली तर दुसरी असावी.”

“एकदा तरी सुटली का तुझी वेणी?” वसुधाबाईंनी विचारले.

“नाही. पण डोकं फार दुखायचं, आई.”

वसुधाबाईंनी मान खाली घातली.

“वीण पुरी झाली की हे दोरे काढायचे असतात,” सगुणाबाई म्हणाल्या. “तेही शिकवलं होतं.”

“लक्षात होतं, बाई. पण तिकडे ही एकटी... धुताना एखादा टाका सुटला, तर कोण बघणार?”

सगुणाबाईंनी कात्री पुढे केली.

“तुम्ही काढा ना, बाई. माझा हात थरथरतो आहे.”

“दिसतंय मला.”

कात्री तशीच पुढे राहिली...

अखेर वसुधाबाईंनी ती घेतली. एक गाठ कापली, दोरा ओढला. काही झाले नाही. दुसरा ओढला. काही झाले नाही. दोरा निघेल तसा टॉप त्यांच्या हातात सैल होऊ लागला.

गळ्याजवळचा अखेरचा दोरा निघाला, आणि एक टाका सुटला. ओळीमागून ओळ सोडत तो सरसर खाली धावला.

“बाई!”

सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत.

वसुधाबाईंनी झडप घालून शेजारच्या टोपलीतली सुई उचलली. सुटलेला टाका तिच्या टोकावर घेतला, एकेक ओळ चढवत वर आणला आणि गळ्याशी टाचून पक्का केला.

“हात थरथरला का?” सगुणाबाईंनी विचारले.

वसुधाबाई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या.

“बाई... तेवढ्या एका ओळीत पुन्हा दोरा घालू का? एकच...”

ऋजुताने तो टॉप त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. ती आतल्या खोलीत गेली. दार लागले.

वसुधाबाई उठल्या.

“बस,” सगुणाबाई म्हणाल्या.

“गळ्यात केस अडकले तर... मी नुसती दाराशी उभी राहते.”

“बस म्हटलं ना. लागलं काही, तर हाक मारील.”

त्या बसल्या. आतून काहीच आवाज येत नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, पुन्हा दाराकडे पाहिले...

“आणि तिने हाक मारलीच नाही तर?”

सगुणाबाईंनी चष्मा काढून मिटला.

“तर नीट बसला म्हणायचा.”