साहेबांच्या सासऱ्यांची दूध संस्था

गडहिंग्लजच्या निंबाळकर साहेबांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर साठ दूध संस्थांत होतं. कुणी किती दूध घातलं, त्याची नोंद ते ठेवायचं. प्रत्येक संस्थेचा सर्व्हर तिच्याच ऑफिसात असायचा. नोंदींत बिघाड निघाला की कंपनी दुरुस्ती पाठवायची आणि संस्थेचा सचिव ती सर्व्हरवर टाकायचा. पण कधी कधी तो उद्या टाकू म्हणायचा आणि विसरून जायचा.

एकदा साहेबांनी हुकूम सोडला, "नवी दुरुस्ती आत्ताच्या आत्ता साठही जणांना पाठवा!"

फोनवर बसणारी सुलक्षणा भीत भीत म्हणाली, "साहेब, मागची कुणी कुणी टाकली ते आधी विचारूया. ती नसताना नवी टाकली, तर एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर जाईल."

"तू मला शिकवणार? एकालाही फोन करायचा नाही. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस!"

नोकरी जायची वेळ आली. सुलक्षणा म्हणाली, "बरं साहेब. पहिली तुमच्या सासऱ्यांच्या संस्थेला पाठवते."

साहेब खुर्चीतून उठलेच. "अगं थांब! त्यांनी मागची टाकलीय का, ते आधी विचार!"

"विचारते की. पण साहेब, बाकीचे एकोणसाठही कुणाचे तरी सासरे असतील. त्यांनाही विचारू ना?"

सगळं ऑफिस खाली मान घालून हसलं. शेवटी साहेबही हसले. "विचार बाई, सगळ्यांना विचार."

संध्याकाळपर्यंत मागची दुरुस्ती न टाकलेल्या एकवीस संस्था निघाल्या. त्यात पहिली सासऱ्यांचीच होती.