टिटवीपुढचे खडे

माळाला कुंपण नव्हतं आणि ससे-पाखरं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. माळाचा मुखिया निवडताना ज्यानं-त्यानं आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढं एक खडा टाकायचा, अशी रीत होती. दर वेळी मोरच निवडून येई. यंदा त्याच्याविरुद्ध टिटवी उभी राहिली आणि माळभर हशा पिकला. "पाय काडीसारखे, आवाज कर्कश, धड घरटंसुद्धा नाही! हिला कोण निवडणार?"

टिटवीनं ते ऐकून घेतलं आणि ती बिळाबिळाशी हिंडू लागली.

सशीण म्हणाली, "टिटवीताई, वणवा लागला तेव्हा मोर झाडावर जाऊन बसला. ओरडून आम्हाला उठवलंस ते तू. माझ्या मनात तूच आहेस गं, पण बाकीचे तुला थोडेच निवडणार? माझा खडा फुकट जायचा!"

साळिंदर तेच बोललं. तित्तिरही तेच बोलला.

दुसरी असती तर खचली असती. टिटवीला उलट हुरूप चढला. ती पुन्हा प्रत्येकाच्या दारी गेली आणि ठणकावून म्हणाली, "बाकीच्यांचा खडा बाकीचे टाकतील. तू तुझा टाक."

निवडीच्या सकाळी सशीण इकडंतिकडं बघत आली आणि टिटवीपुढं हळूच खडा टाकून पळाली. साळिंदर तसंच आलं, तित्तिरही तसाच आला.

दुपारी निकाल बघायला सगळे जमले, तर खड्यांच्या ढिगाआड टिटवी दिसेचना. जो तो आधी ढिगाकडं बघे, मग शेजाऱ्याकडं बघे आणि विचारी, "म्हणजे, तू पण?"