टिकलीची शिट्टी कुठे गेली?

कान इकडे करा बरं. दोन्ही कान!

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव टिकली.

टिकली राहायची चिंचेवर. चिंचेखाली दौलतदादा शेळ्या बांधायचा. दौलतदादा मोठा, नववीतला. त्याची शाळा दुपारची. रोज सकाळी तो ओठांचा चंबू करायचा आणि शिट्टी वाजवायचा. फुईं फुईं! की टिकली खाली. सुर्रर्र! मग दादा भुईमुगाची शेंग फोडायचा. एक दाणा टिकलीला, एक दाणा दादाला. कुटुम कुटुम.

एक दिवस काय झालं? ऊन आलं. शेळ्या आल्या. दादा आला. शिट्टी आलीच नाही!

टिकली खाली उतरली. बघते तर दादाचा गाल फुगलेला. टम्म! गालात तंबाखूची पुडी.

"दादा दादा, शिट्टी वाजव ना!"

"उम्म् उम्म्," दादा म्हणाला. त्याने बाजूला पिंक टाकली. पच्च!

टिकली दोन उड्या मागे सरली. "शी! ती पुडी टाकून दे ना, दादा."

"टाकत नाही जा. हणमाकाकांच्या टपरीवर पुड्यांची माळ लटकते. येता-जाता दिसते. मला राहवत नाही. काका माळ काढतील, तर मी पुडी टाकीन."

टिकलीला रडू आलं. पण ती रडत बसली नाही. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

टपरीवर हणमाकाका बसले होते.

"काका काका, माळ काढा ना!"

"का गं टिकले?"

"दादाची पुडी सुटेना,
फुईं फुईं शिट्टी येईना!"

काकांनी मान खाजवली. "मी माळ काढत नाही जा. सरपंचताई सांगतील, तर काढीन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

सरपंचताई हौदावर पाणी भरत होत्या.

"ताई ताई, काकांना सांगा ना!"

"का गं टिकले?"

"काकांची माळ निघेना,
दादाची पुडी सुटेना,
फुईं फुईं शिट्टी येईना!"

"मी एकटी सांगत नाही जा," ताई म्हणाल्या. "एकटीचं कोण ऐकतं? मामा डफ वाजवतील, गाव पारावर जमेल, तर सांगेन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भिवामामा डफ उन्हात तापवत होते.

"मामा मामा, डफ वाजवा ना!"

"का गं टिकले?"

"ताईंचा शब्द फुटेना,
काकांची माळ निघेना,
दादाची पुडी सुटेना,
फुईं फुईं शिट्टी येईना!"

"मी उगाच वाजवत नाही जा," मामा म्हणाले. "समोर नाचायला कोण आहे? शाळेतली पोरं येतील, तर वाजवीन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आता तिचे पाय दुखायला लागले. इवले इवले चार पाय!

शाळेच्या खिडकीत ती चढली.

"पोरांनो पोरांनो, बाहेर या ना!"

"का गं टिकले?"

"मामांचा डफ घुमेना,
ताईंचा शब्द फुटेना,
काकांची माळ निघेना,
दादाची पुडी सुटेना,
फुईं फुईं शिट्टी येईना!"

"श्शू! आम्ही येत नाही जा. पाढे चाललेत. बाईंची घंटा होईल, तर येऊ."

टिकली निघाली. तुरुतुरु... जरा थांबली... तुरुतुरु.

बाई व्हरांड्यात काहीतरी शोधत होत्या. टेबलाखाली बघितलं. कपाटामागे बघितलं.

"बाई बाई, घंटा वाजवा ना!"

"का गं टिकले?"

"पोरांची रांग हलेना,
मामांचा डफ घुमेना,
ताईंचा शब्द फुटेना,
काकांची माळ निघेना,
दादाची पुडी सुटेना,
फुईं फुईं शिट्टी येईना!"

"अगं, कशी वाजवू?" बाई म्हणाल्या. "घंटेवर मारायचा टोलाच गायब आहे. चिमीने पळवलाय. चिमी देईल, तर वाजवीन."

चिमी कोण? दौलतदादाची धाकटी बहीण. अंगणवाडीतली. एवढीशी! ती बसली होती दाराआड, चटईच्या गुंडाळीमागे. टोला मांडीवर. गाल फुगलेले. पण पुडीने नाही हं. रुसव्याने.

टिकली तिच्या पायापाशी आली.

"चिमी चिमी, टोला दे ना!"

"का गं तिकले?"

"बाईंची घंटा वाजेना,
पोरांची रांग हलेना,
मामांचा डफ घुमेना,
ताईंचा शब्द फुटेना,
काकांची माळ निघेना,
दादाची पुडी सुटेना,
फुईं फुईं शिट्टी येईना!"

चिमीने डोळे पुसले. "घंटा झाली की घरी जायचं. मग दादा माझी पापी घ्यायला येतो. तोंडाला घाण वास येतो. मी पळून जाते. मला माझा दादा पाहिजे!"

आणि ती टुणकन उठली. "घे तोला!"

नाही म्हणालीच नाही!

चिमीने दिला टोला. बाईंनी वाजवली घंटा. टण टण टण! पोरांची निघाली रांग. हुईईई! मामांचा घुमला डफ. डप डप डपाक्! पोरं नाचली. म्हाताऱ्या आल्या, तरण्या आल्या, शेळ्यासुद्धा आल्या. सगळं गाव पारावर!

सरपंचताई पारावर चढल्या. आता त्या एकट्या नव्हत्या.

"हणमाकाका," ताई म्हणाल्या, "ही पोरं बघा. सगळी आपलीच ना? यांच्या डोळ्यांसमोर पुडीची माळ नको. आणि पुडी यांच्या हातात तर कधीच नको."

काकांनी पोरांकडे बघितलं. चिमीकडे बघितलं. उठले, टपरीवर गेले. सर्र सर्र सर्र! माळ खाली. दुसरी माळ खाली. तिसरी पण!

आता सगळे दौलतदादाकडे बघायला लागले.

दादाचे कान लाल झाले. तो हौदाच्या मोरीपाशी गेला. थूः! खळखळ खळखळ थूः! खळखळ खळखळ थूः! गाल सपाट.

मग त्याने ओठांचा चंबू केला. सगळ्यांनी माना पुढे केल्या.

फुस्स.

पुन्हा चंबू. फुस्स. नुसती हवा!

दादाचं तोंड चुरचुरत होतं. त्याने मान खाली घातली. "नाही येत गं, टिकले."

टिकली सुर्रर्र चढली. पायावरून, पाठीवरून, थेट खांद्यावर. तिने आपली मऊ शेपटी दादाच्या गालाला लावली. आणि थांबली.

दादाने श्वास घेतला. मोठ्ठा.

फुईं!

"आली! आली!" पोरं ओरडली.

फुईं फुईं फुईं!

दादाने खिशातली शेंग काढली. फोडली. आज दोन्ही दाणे टिकलीला. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम!

दुसऱ्या दिवशी दादाला पुडी आठवली. तिसऱ्या दिवशी पण आठवली. मग तो मामांकडे गेला. मामांनी डफ दिला. दादाने वाजवला, वाजवला, खूप वाजवला. बाईंनी बडीशेप दिली. ती चावली. हळूहळू आठवण लहान झाली. शेंगदाण्याएवढी. मग मोहरीएवढी.

आणि चिमी? ती आता दादापासून पळत नाही. दादाच्या कडेवर बसते, गळ्याला मिठी मारते आणि म्हणते, "मला पन शिकव!"

चिमी ओठांचा चंबू करते. फू... फू... फू...

शिट्टी येतच नाही. नुसते तुषार उडतात!

पण चिंचेवर कोणीतरी कान टवकारतं. आणि चिमीच्या फू फू ला सुद्धा धावत खाली येतं.

सुर्रर्र!

दाणा गेला पोटात, हसू आलं ओठांत. संपली गोष्ट!