ओळीतलं शेवटचं घर

सह्याद्रीच्या डोंगरात लेणी कोरली जात होती, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला बुरडांची वस्ती होती. बांबू तासून सुपं आणि टोपल्या विणणारी माणसं तिथे राहत. गावातल्या एकाही घराचं त्यांच्या सुपाशिवाय पान हलत नसे. तांदूळ पाखडायला त्यांचं सूप, बाळ जन्मलं की निजवायला त्यांचं सूप. पण त्यांच्या हातचं पाणी मात्र गावाला चालत नव्हतं. का चालत नव्हतं, असं विचारलं असतं तर कुणालाही उत्तर देता आलं नसतं. असल्या गोष्टींना कारण नसतंच, नुसती सवय असते.

त्या वस्तीत सामा नावाची एक बाई आपल्या म्हाताऱ्या सासूबरोबर राहायची. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. "ए सूपवाले, दोन सुपं टाक इथे," एवढंच. 'टाक' म्हणायचे, 'दे' म्हणायचे नाहीत, कारण हातातून हातात काही जाऊ द्यायचं नव्हतं. सामा सुपं जमिनीवर टाकायची आणि दात-ओठ खात घरी यायची.

त्या वर्षी पावसाळ्यात भिक्खूंचा एक संघ डोंगरातल्या लेण्यात मुक्कामाला आला. भिक्खू एरवी गावोगाव हिंडतात, पण पावसाळाभर एकाच जागी राहतात. त्यांच्यातला सगळ्यांत वडील भिक्खू पहिल्याच दिवशी गावच्या पिंपळाखाली बसून बोलला. लोक जवळ बसले होते. बुरूड लांब, बांधापाशी उभे होते, पण म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता.

तो म्हणाला, "शाक्यांच्या कुळात एक राजपुत्र होता. त्यानं म्हातारपण पाहिलं, आजार पाहिला, मरण पाहिलं, आणि त्याला राजवाड्यात राहवेना. घर सोडून तो वर्षानुवर्षं शोधत हिंडला. अखेर अशाच एका पिंपळाखाली त्याला उमगलं आणि तो बुद्ध झाला. काय उमगलं? जगात दुःख आहे. त्या दुःखाला कारण आहे, ते म्हणजे माणसाचा हव्यास, हे माझं आणि ते माझंच, हा हट्ट. कारण आहे म्हणून ते दूर करता येतं. आणि दूर करायला मार्गही आहे. त्या मार्गावर चालायला कुणाची जात आडवी येत नाही. माणूस जन्मानं थोर होत नाही आणि नीचही होत नाही. जे होतो ते आपल्या करणीनं."

मग कुणीतरी विचारलं, "भंते, भिक्षेला तुम्ही कुणाच्या घरी येणार?"

"भिक्खू घर निवडत नाही," म्हातारा म्हणाला. "गल्लीच्या एका टोकापासून ओळीनं निघायचं, प्रत्येक दारापाशी गप्प उभं राहायचं, पात्रात पडेल ते घ्यायचं. श्रीमंताकडे थांबायचं आणि गरिबाला ओलांडायचं, हे आम्हाला मना आहे."

सामाची सासू हे ऐकून घरी आली ती वेगळीच होऊन. म्हातारीनं जन्मभर फक्त टाकलेलं घेतलं होतं आणि स्वतः दिलेलं कधी कुणी घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "सामे, उद्या पेज जरा जास्तीची टाक. माझ्या हातानं एक पळी वाढायचीय मला. मग मी मरायला मोकळी."

दुसऱ्या दिवशी म्हातारी पळी घेऊन दारात उभी राहिली. भिक्खू आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. भगवी वस्त्रं गावातून येताना दिसायची आणि वस्तीच्या तोंडाशी मागे वळायची.

"पाऊस फार आहे गं, वाट चिखलाची," म्हातारी म्हणायची.

"गावात काय फरशी घातलीय?" सामा म्हणायची.

झालं होतं असं. वडील भिक्खूचे गुडघे धरले होते, त्यामुळे तो लेण्यातच असायचा. भिक्षेच्या वाटेवर बाकीच्यांना घेऊन एक तरुण भिक्खू पुढे चालायचा. पहिल्याच सकाळी गावप्रमुखानं त्याला गाठून सांगितलं होतं, "महाराज, त्या वस्तीतलं अन्न पात्रात घेऊन आमच्या दारी येऊ नका. आमचं धान्य बाटतं." तरुण भिक्खू मोठ्या घरात वाढलेला. त्याला ते ऐकून हायसंच वाटलं. पण हायसं वाटलं हे स्वतःशी कबूल कसं करायचं? म्हणून त्यानं मनात एक छानसं कारण शोधून काढलं की गरीब माणसं आहेत बिचारी, त्यांच्या तोंडचा घास कशाला घ्यायचा! अशी कारणं फार गोड असतात. संताप येतो तो त्यांच्या गोडव्याचाच.

पावसाळाभर म्हातारी दारात उभी राहिली. उभं राहवेना तेव्हा चौकटीला टेकून बसली. बसवेना तेव्हा पळी उशाशी घेऊन पडली. "आले का गं?" एवढंच विचारायची. पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी तिनं तेच विचारलं, आणि सामा उत्तर देण्याआधीच ती गेली. पेज चुलीवर तशीच होती.

सामानं पेजेचं मडकं उचललं आणि अंगणात आपटून फोडलं. रडू तिला नंतर आलं.

पावसाळी मुक्काम संपतो त्या दिवशी भिक्खूंचा एक विधी असतो. सगळे गोलात बसतात आणि एकेक जण हात जोडून म्हणतो, "माझ्याकडून काही चुकलेलं कुणी पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा कुणाला शंका आली असेल, तर कृपा करून सांगा. मी सुधारीन." आपणहून आपली चूक विचारायची, असा हा रिवाज. गावकरी त्या दिवशी चीवरासाठी, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांसाठी, कापड घेऊन लेण्याच्या अंगणात बसले होते. गावप्रमुख सगळ्यांत पुढे होता. सामा सगळ्यांत मागे, पायरीखाली उभी होती.

तरुण भिक्खूची पाळी आली. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि मंजुळ आवाजात म्हटलं, "कुणी काही पाहिलं असेल, तर सांगा."

पुढच्या भिक्खूनं आपल्या पाळीसाठी हातही जोडले.

"मी पाहिलंय," मागून आवाज आला.

माना वळल्या. गावप्रमुख ओरडला, "ए सूपवाले! हा भिक्खूंचा आपसातला विधी आहे. बाहेरच्यानं तोंड उघडायचं नसतं!"

"विधी थांबवा," वडील भिक्खू म्हणाला. "आता मी विचारतोय. बोल मुली, काय पाहिलंस?"

सामानं तरुण भिक्खूकडे बोट केलं. "मी पाहिलंय की हे आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत येतात आणि पाठ फिरवतात. रोज. पावसाळाभर. माझी सासू पळी घेऊन दारात उभी राहून राहून मेली, भंते! तुम्ही म्हणाला होता ना, भिक्खू घर निवडत नाही? मग आमचं घर कुणी काढून टाकलं ओळीतून?"

तरुण भिक्खू कसनुसा झाला. "बाई, तुम्हा गरिबांवर भार पडू नये म्हणून मी..."

"भार?" सामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या सुपात पाखडलेला तांदूळ रोज खाता की गावाकडून! तो जड नाही झाला? आमचं सूप चालतं, आमची पळी चालत नाही, आणि त्याला दया म्हणता?"

"शांत हो, बाई. राग वाईट. राग सोड."

"माझा राग बरा दिसला तुम्हाला! त्याच्यामागचं दुःख नाही दिसलं? दुःख आहे म्हणता. घ्या, हे माझं दुःख. त्याला कारण असतं म्हणता. हे इथे पुढे बसलंय, आणि तुमच्या मनातही बसलंय. ते दूर करता येतं म्हणता. मग करा की! मार्ग आहे म्हणता. अहो, तो मार्ग माझ्या दारावरून जातो, आणि तुम्हीच तो टाळता!"

तरुण भिक्खूची मान खाली गेली. तो म्हणाला, "भार वगैरे काही नव्हतं. मला किळस येत होती. चुकलो मी."

वडील भिक्खू काठीच्या आधारानं उठला. "चूक माझीही आहे. रोज पात्रात आलेलं खाल्लं, ते कुठून नाही आलं हे मी विचारलं नाही." मग तो गावप्रमुखाकडे वळला. "आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं तेच म्हणणं," गावप्रमुख गुरकावला. "त्या दारी जाल तर माझ्या दारी येऊ नका. बघतो कोण वाढतं तुम्हाला!"

वडील भिक्खूनं आपलं पात्र उचललं आणि सगळ्यांदेखत पालथं धरलं. एकेक करून सगळ्या भिक्खूंनी आपापलं पात्र पालथं धरलं. तरुण भिक्खूनंही धरलं.

"जो देताना दुसऱ्याचा देण्याचा हक्क काढून घेतो, त्याचं अन्न संघाला नको," म्हातारा म्हणाला. "तू त्या वस्तीत जाऊन क्षमा मागशील त्या दिवशी हे पात्र तुझ्यासाठी सुलटं होईल. तोवर उपाशी राहावं लागलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्खू बुरूडवस्तीत आले. गुडघे दुखत असतानाही वडील भिक्खू पुढे होता. सामानं सासूची पळी घासूनपुसून ठेवली होती. तिनं पेज वाढली तेव्हा मान ताठ होती. गावाकडच्या बांधावर लोक बघायला जमले होते. बघा म्हणावं, डोळे फाडून बघा, असं तिला झालं होतं. भिक्खू दारोदार थांबत वस्तीच्या शेवटापर्यंत गेले आणि ती पळी हातात घेऊन त्यांच्यामागून मिरवत निघाली.

शेवटच्या घरानंतर वडील भिक्खू थांबला नाही. तो पुढेच चालू लागला.

पुढे ओढा होता आणि ओढ्याकाठी स्मशान. तिथे एका झोपडीत स्मशान राखणारा माणूस राहायचा. मढ्याची लाकडं रचायची, राख सावरायची, हे त्याचं काम. बुरूड त्याला वस्तीत येऊ देत नसत. सासूची चिता त्यानंच रचली होती, भर पावसात, कोरडी लाकडं शोधून आणून. सामानं त्याला त्याबद्दल धान्य दिलं होतं. दिलं कसलं, लांबून जमिनीवर टाकलं होतं.

"भंते," सामा घाईघाईनं म्हणाली, "वस्ती इथे संपली. पुढे कुणी नाही."

म्हाताऱ्यानं समोर पाहिलं. "चुलीचा धूर दिसतोय, मुली."

"तो... त्याचं राहू द्या. तुमच्या पात्रात माझी पेज आहे, भंते. त्याचं त्यात नका घेऊ..."

बोलता बोलता ती थबकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शब्दन्‌शब्द ओळखीचा होता. गावप्रमुख बांधावर उभा होता, पण बोलत होता तिच्या तोंडून.

वडील भिक्खू चालतच राहिला. तिला स्वतःची इतकी चीड आली की कालचा सगळा राग त्या चिडीपुढे थोडा वाटला. झोपडीच्या दारात तो माणूस आंबिलीची वाटी घेऊन उभा होता. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो सवयीनं आत जायला वळला. सासूही वळायची अशीच, गावातल्या कुणी पाहिलं की.

सामा धावत भिक्खूंच्या पुढे गेली. ओढा ओलांडून त्याच्या दारासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, आत नका जाऊ," ती म्हणाली. "भंते येताहेत. तुमचं घर ओळीत आहे."

भिक्खू आले, गप्प उभे राहिले. त्यानं आंबील वाढली आणि ती सामाच्या पेजेत मिसळून गेली.

गावप्रमुखाचं पुढे काय झालं, असं मुलं विचारतात. तो क्षमा मागायला गेला असं काही जण सांगतात, मरेपर्यंत गेला नाही असंही सांगतात. मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर फारशी पर्वाही नाही. सामानं काय केलं ते मात्र ठाऊक आहे. तिनं सासूची पळी त्या माणसाच्या हातात दिली. टाकली नाही, हातात दिली. आणि ज्यानं भर पावसात तिच्या माणसाची चिता रचली होती, त्याला तिनं त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "दादा, तुमचं नाव काय?"

तात्पर्य एवढंच: आपल्याला वगळणाऱ्यावर आलेला राग खराच असतो, पण ओळीतलं शेवटचं घर आपलं नसतं. पुढचा धूर ज्याला दिसला, त्यालाच मार्ग दिसला.